वाजवीपेक्षा स्वच्छ पाणी

४ फेब्रुवारी

एकसष्ट बाटल्या, एकसष्ट शून्य! सगळ्या नळ्या जांभळ्या, एकही पिवळी नाही. पाचवा आठवडा हा असा. रजिस्टरमध्ये शून्यं काढून काढून बोटं दुखली, पण तक्रार नाही.

लोकांना वाटतं मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. छे! नळाचं पाणी जांभळ्या रसाच्या नळीत घालायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं. पाण्यात मैलापाण्याचे जंतू असले तर रस पिवळा होतो. जांभळं म्हणजे प्या, पिवळं म्हणजे पिऊ नका. आणि खाली सही माझी.

काल रविवार म्हणून धाकटीकडे गेले. सातवा लागलाय तिला. दारातून आधी पोट आलं, मग बहीण. आत गेले तर गॅसवर हे एवढं पातेलं, पाणी खळखळ उकळतंय, खिडकीच्या काचा घामाने भिजल्यासारख्या. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "अगं बाई, तुझ्या गल्लीचं पाणी दर आठवड्याला तुझी सख्खी बहीण तपासते! आणि तू अजून पातेली चढवतेस? या दिवसांत एवढं जड उचलतेस?" तर म्हणे, "सवय गं ताई." म्हटलं, "सवय कसली, माझ्यावर विश्वास नाही तुझा." "बरं बरं, नाही उकळत," म्हणाली आणि माझ्यासमोर गॅस बंद केला.

तळमजल्यावरची शिवणवाली तिथेच होती, धाकटीचा गाऊन पोटावर सैल करत होती. तिलाही सातवाच. दोघी रोज संध्याकाळी चालायला जातात. धाकटी म्हणते, "आम्ही निघालो की कुत्रीसुद्धा रस्ता सोडतात." शिवणवालीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "मग बाई, आम्ही नाही उकळलं तर चालेल का हो? गॅस फार जातो."

म्हटलं, "बिनधास्त प्या. मी सांगते ना!"

बरं वाटलं. आपल्या कामावर कुणी विश्वास ठेवावा, एवढंच तर हवं असतं माणसाला.

८ फेब्रुवारी

धाकटीच्या भागातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. या बाई नमस्कारबिमस्कार करत नाहीत, थेट मुद्द्यावर.

"पाणी कसं आहे आमच्याकडचं?"

"उत्तम. सगळं शून्य."

"मग आठवड्यात माझ्याकडे चार जण पिवळे होऊन कसे आले?"

कावीळ! मी म्हटलं, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. तर म्हणाल्या, "चौघं चार घरची. त्यातली एक आजी दोन वर्षं खाटेवरून उठलेली नाही. ती कुठे हॉटेलात जेवायला गेली होती?"

फोन ठेवला. रजिस्टर उघडून शून्यं पुन्हा मोजली. उगाच. पाणी स्वच्छ आहे.

९ फेब्रुवारी

आज नमुने घ्यायला मी स्वतः गेले. चौदा नळ. नळाचं तोंड ज्योतीने भाजायचं, पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं, मग बाटलीचा कागद सोडून भरायची. क्लोरीनचा वास व्यवस्थित येत होता. म्हणजे औषध पडतंय टाकीत. डबा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचायला चार तास लागले. दोन ठिकाणी रस्ता खणलेला.

चौदावा नळ धाकटीच्या इमारतीचा. वर गेले नाही. तिने खिडकीतून ओरडून विचारलं, "काय गं ताई, आमचा नळ चोर आहे का?" हसले. हात हलवला. आणि जिना उतरणाऱ्या एका माणसाच्या डोळ्यांत टक लावून बघितलं, पांढरे आहेत की नाहीत ते. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

११ फेब्रुवारी

चौदाच्या चौदा जांभळ्या.

हुश्श म्हणून खुर्चीत बसले तोच फोन. डॉक्टरीणबाई. आता नऊ झाले.

"त्यातली एक गरोदर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे. ही पाण्यातून येणारी कावीळ चांगल्याभल्या माणसाला महिनाभर पाडते आणि सोडून देते. पण पोटुशी बाई असेल, शेवटचे तीन महिने असतील, तर पाच जणींतली एक जाते. पुस्तकात एका ओळीत आहे ते. प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवते तेव्हा फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारते आणि पुढच्या धड्याकडे वळते.

जेवताना घास उतरेना. आई म्हणाली, "तुझ्या जंतूंना भीत नाही मी. तुझ्या तोंडाकडे बघून मात्र भीती वाटते."

१२ फेब्रुवारी

आज कपाटातून मागच्या चार वर्षांची रजिस्टरं काढली. धूळ नाकात गेली, शिंका देत देत वाचलं. दर महिन्याला दोन-तीन नळ्या पिवळ्या. पावसाळ्यात सात-आठ. प्रत्येक वर्षी, न चुकता. डिसेंबरात तीन.

आणि या एक जानेवारीपासून एकही नाही.

पाइप तेच, गटारं तीच, रस्त्यातले खड्डे तर दुप्पट. आणि पाणी एकाएकी इतकं गुणी झालं? मी पाच आठवडे खूश होते! स्वतःचीच पाठ थोपटत होते! एवढं स्वच्छ पाणी नसतं कुठे. वाजवीपेक्षा स्वच्छ आहे हे. मुलाने सगळ्या विषयांत शंभर मार्क आणले तर मास्तर आधी त्याचे खिसे तपासतात. मला इतकी साधी शंका यायला नको होती का?

कुठेतरी आमचंच काहीतरी चुकतंय. काय ते कळत नाही.

१४ फेब्रुवारी

सापडलं. देवा, सापडलं.

सकाळी पुन्हा नमुने आणले. दुपारी बाटली उघडली, नाकाशी सहज आली. क्लोरीनचा वास! पाच तासांनंतरही! मी क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. ते व्हायलाच नको होतं. आमच्या बाटलीत क्लोरीन शिल्लक राहताच कामा नये.

नीट लिहिते, म्हणजे माझं मलाच समजेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाइप फुटून वाटेत घाण शिरली तर ते लगेच जंतू मारू शकत नाही, त्याला वेळ लागतो. नळ उघडून लगेच पिणाऱ्याच्या पोटात जिवंत घाण जाते. पण तेच पाणी बाटलीत बंद करून चार-पाच तास ठेवलं, तर बाटलीत क्लोरीन आपलं काम करत बसतं. माझ्यापर्यंत येईस्तोवर जंतू मेलेले. नळी जांभळी. सही माझी.

म्हणून बाटली तयार करतानाच तिच्यात थायोसल्फेटचे थेंब टाकायचे असतात. क्लोरीनला जागच्या जागी गप्प करणारं औषध. थायो म्हणतो आम्ही. परीक्षेत दोन मार्कांना होता हा प्रश्न. मी दोन्ही मिळवले होते.

धावत बाटल्या धुण्याच्या खोलीत गेले. नवी मदतनीस कागद बांधत होती. विचारलं, "थायो टाकता ना?" तिने भिंतीवरचा कागद दाखवला. "बाई, तुमच्या यादीत नाही ते. यादीत आहे तेच करते मी, एकही चुकवत नाही."

खरं आहे. बाटल्या तयार करणारे आमचे बाटलीकाका एकतीस डिसेंबरला निवृत्त झाले. त्याआधी त्यांना एक दुपारभर विचारून विचारून ती यादी मी लिहिली. मीच टाइप केली. मीच प्लास्टिकमध्ये घालून चिकटवली. धुणे, विसळणे, वाळवणे, कागद बांधणे, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करणे. ठळक टाइपात. थायो नाही.

तिथेच पालथ्या बादलीवर बसले आणि पहिला फोन केला तो धाकटीला. खरं सांगायचं धाडस झालं नाही, पोटुशीला कशाला घाबरवा. म्हटलं, "पाइपचं काम निघालंय तुमच्याकडे. आजपासून पाणी उकळून पी. वीस मिनिटं. दात घासायलाही तेच."

"बरं," म्हणाली. वाद नाही, टोमणा नाही.

"आणि हे बघ, इतक्यात कुणाला बोलू नकोस. उगाच घबराट होईल. मला आधी खात्री करू दे."

"बरं ताई. नाही सांगत."

तीन तारखेपासून चौदा. अकरा दिवस ती माझ्या शब्दावर ते पाणी पीत होती. अकरा दिवस!

१५ फेब्रुवारी

बाटलीकाकांच्या घरी गेले. दोन खोल्या, सगळी भांडी उपडी, ओळीने, तोंडं एका दिशेला. मला पाणी दिलं तो ग्लास माझ्यादेखत तीनदा विसळला. छत्तीस वर्षांची सवय.

"काका, बाटलीत थायो टाकायचात तुम्ही?"

"म्हणजे काय! दोन थेंब. सकाळी, तुम्ही लोक यायच्या आधी."

"मग मी यादी लिहिली तेव्हा बोलला का नाहीत?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आता ते काय सांगायचं? स्वयंपाक सांगताना मीठ घाला म्हणून कुणी सांगतं का? तुम्ही तर शिकलेल्या."

मग त्यांना एकदम उमजलं. चेहरा उतरला. "नाही टाकलं का कुणी?" मी मान हलवली. "कधीपासून?" मी सांगितलं. ते उठले, चप्पल घातली. "चला. आत्ता चला. रात्रीत शंभर करून देतो."

खरंच आले. सत्तर बाटल्या तयार करून गेले. एकदाही मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पुरावा काय? नुसता वास? आत्ता जाहीर केलं आणि निकाल जांभळाच आला तर पुढच्या वेळी आपलं कोण ऐकेल? नीट बाटल्यांत नमुने घे. सोमवारी निकाल येईल. मग बोलू."

"पण तोवर लोक पिणार ना ते पाणी..."

"दोन दिवसांनी काय आकाश कोसळतंय?"

मी काय केलं? मान डोलावली. हो, डोलावली! बरोबरच होतं की त्यांचं, पुस्तकाप्रमाणे. आणि नोकरीची भीती नव्हती असं कशाला लिहू, इथे कोण वाचणार आहे. होती. पण त्याहून खरं म्हणजे माझी बहीण आता उकळून पीत होती. माझं घर सुरक्षित होतं. आपला तो बाब्या.

दुपारी चौदा नमुने आणून लावले. काकांच्या बाटल्यांत.

१७ फेब्रुवारी

रविवार. धाकटीकडे. निमित्त काय सांगावं? आईने स्वेटर दिलाय म्हणून गेले. स्वेटर या उकाड्यात!

खिडकीपाशी उजेडात बसवलं तिला. "काय बघतेस सारखी डोळ्यांत? मी काय तुझा नवरा आहे?" पांढरे आहेत. अगदी पांढरे. पण हा रोग पंधरा दिवस ते दोन महिने पोटात दडून बसतो. आज पांढरे म्हणजे काहीच नाही.

खाली रिक्षा उभी होती. शिवणवाली बाळंतपणाला आईच्या गावी निघाली होती. मशीन, दोन बोचकी, नवरा. तिने वर बघून आवाज दिला, "येते हो! बाई आल्यात का? तुमच्या सहीचं पाणी घेतलंय बाटलीत, वाटेत लागेल म्हणून!"

धाकटी निरोप द्यायला जिन्यापर्यंत गेली. तिथूनच माझ्याकडे वळून हळू विचारलं, "तिला सांगू का गं, पाण्याचं?"

म्हटलं, "उद्या निकाल आहे. आज नको. आणि ती चाललीच आहे ना इथून."

एका अर्थी बरंच झालं. सुटली बिचारी या पाण्यातून.

उद्या. उद्या. हे परमेश्वरा, जांभळ्याच राहू देत. मी मूर्ख ठरू दे, माझी चूक फुकट जाऊ दे, मोठ्या बाई माझ्यावर हसू देत. आजवर पहिल्यांदा असं मागतेय.

१८ फेब्रुवारी

चौदापैकी अकरा पिवळ्या.

धाकटीच्या इमारतीची सगळ्यात गडद.

मोठ्या बाईंना नळ्या नेऊन दाखवल्या. त्यांनी लगेच फोन उचलला. तासाभरात पाणीखात्याची माणसं, गाड्या, भोंगे. "पाणी उकळूनच प्यावे." गल्लीगल्लीतून तेच. मी पत्रकं लिहिली, नव्या मदतनिसीने झेरॉक्स काढल्या. काढता काढता रडत होती ती. तिची काहीच चूक नाही हे तिला तीनदा सांगितलं, तरी रडत होती.

मग मोठ्या बाईंनी कोरा कागद पुढे केला. "कारण लिहावं लागेल. कुणाची चूक लिहिणार?"

"माझी."

मी लिहिलं, सही केली. त्यांनी कागद परत ओढला आणि खाली स्वतः लिहिलं : शनिवारी कळूनही सोमवारपर्यंत थांबले. सही. मला वाटलं नव्हतं त्या असं करतील.

पण त्या कागदात एक गोष्ट नाही. माझ्या बहिणीला चौदाला कळलं. गावाला अठराला.

२० फेब्रुवारी

फुटकी जागा सापडली. एकाच चरात पाण्याचा पाइप आणि मैल्याचा पाइप, शेजारी शेजारी. दोघांनाही भोक. खड्ड्यात उतरलेला फिटर वर येऊन म्हणाला, "बाई, तिथे तर दोघांचा संसारच चाललाय!" कुणालाच हसू आलं नाही. त्यालाही नाही.

२३ फेब्रुवारी

एकेचाळीस रुग्ण. डॉक्टरीणबाई आता रोज फोन करतात. आज पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही जेवता का वेळेवर?" मी सांगितलं, माझी बहीण सात महिन्यांची आहे, त्याच इमारतीत. त्या म्हणाल्या, "रोज डोळे बघा. लघवीचा रंग विचारा. मळमळ, ताप, काहीही झालं तर माझ्याकडे, कितीही वाजता."

हिशेब केलाय. चौदा फेब्रुवारीपासून साठ दिवस. पंधरा एप्रिल. तिची तारीख वीस एप्रिल. म्हणजे जवळजवळ बाळ होईस्तोवर जीव टांगणीला.

२ मार्च

पुन्हा गेले. या वेळी निमित्तसुद्धा सुचलं नाही, नुसतीच गेले. धाकटीने दार उघडलं आणि दोन बोटांनी स्वतःचे डोळे फाडून माझ्यापुढे धरले. "घे. बघ. झालं समाधान? आता चहा पी."

धाकटीचा नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "ताई, मला पण तपासा की कधीतरी, मी काय परका आहे?"

हे दोघं हसतात. मला त्या चेहऱ्यांकडे बघवत नाही.

५ मार्च

आज तिला दोनदा उलटी झाली. माझं धाबं दणाणलं. भर दुपारी काम टाकून पळाले, रक्त स्वतः काढलं, स्वतः तपासलं. काही नाही. सकाळी अर्धं कलिंगड एकटीने खाल्लं होतं म्हणे.

६ मार्च

स्वप्नात नळ्या. हात लावीन ती पिवळी.

१० मार्च

आज सगळं सांगून टाकलं तिला. सहन होईना. थायो, यादी, चौदा तारखेचा फोन, पाचातली एक, सगळं. सांगताना तिचा हात घट्ट धरला होता. म्हटलं, "तुला काही झालं तर ते मी केलेलं असेल. तीन तारखेला मी तुझ्या घरात उभी राहून तुला ते पाणी पाजलं."

तिचे ओठ थरथरले. मला वाटलं रडणार. तर ही हसायला लागली! पोट धरून!

"अगं ताई, मी उकळणं कधी बंद केलं?"

"म्हणजे?"

"तू गेलीस आणि मी गॅस पुन्हा पेटवला. तू यायची असलीस की पातेलं कपाटात ठेवायचे, तुला राग येतो म्हणून. एक थेंब नाही प्याले मी कच्चं पाणी."

म्हटलं, "माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तुझ्यावर? मी सहा वर्षांची असताना डबक्यातलं पाणी फडक्यातून गाळून ‘आता एकदम शुद्ध झालं’ म्हणून कुणी पाजलं होतं मला? चार दिवस हगत होते! आईने तुला धुतली होती, विसरलीस? तुझा भरवसा तुझ्या बाटलीवर असू दे, माझा आपला पातेल्यावर. तुझं ऐकायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलंय."

मी रडले. हसले. तिला मारलं, मिठी मारली. चार आठवडे छातीवर धोंडा होता, तो एका पातेल्याने उचलला! घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "बघ! दोघींत अक्कल कुणाला हे मी पहिल्यापासून सांगतेय."

पोटभर जेवले आज.

१४ मार्च

रुग्ण एकूण त्रेसष्ट. गेल्या सहा दिवसांत नवा एकही नाही. दवाखान्यातली ती गरोदर बाईसुद्धा घरी गेली, चांगली आहे. मृत्यू शून्य. हे शून्य मात्र तीनदा तपासलं, मगच लिहिलं.

बाटलीकाका आता दर मंगळवारी येतात, कुणी बोलावलं नसताना. नव्या मदतनिसीला शिकवतात. जुनी यादी मी फाडली. नव्या यादीत पहिलीच ओळ लाल शाईने : थायो, दोन थेंब. काकांनी वाचली आणि म्हणाले, "आता मीठ पण लिहून ठेवा."

चौकशी व्हायची ती होईल. पगार कापतील, बदली करतील. करू देत. सगळे जिवंत आहेत.

२१ मार्च

बाहेरच्या एका दवाखान्यातून रक्ताचा नमुना आला. तीन दिवस वाटेत. चिठ्ठी वाचली. वय चोवीस. आठवा महिना. कावीळ, ग्लानी. व्यवसाय शिवणकाम. मागच्या दोन महिन्यांतला पत्ता धाकटीची इमारत, तळमजला.

तपासणी मीच लावली. रक्तात या काविळीची खूण असली की हीसुद्धा नळी पिवळीच होते. पिवळी. पुन्हा लावली. पिवळी.

तिकडे फोन केला. नर्स म्हणाली, "त्या रिपोर्टची आता गरज नाही हो. आई आणि बाळ, दोघंही गेली, परवाच."

मग धाकटीला फोन. शिवणवालीचं सांगितलं. मग म्हणाली, "तू म्हणालीस सांगू नकोस. मी नाही सांगितलं. आयुष्यात एकदा तुझं ऐकलं गं ताई."